ईआर पॉझिटिव्ह

फोन मी घेतला. पलीकडच्या मुलीने ताईचं नाव आणि वय विचारून घेतलं, "पॉझिटिव्ह आलंय, रिपोर्ट घेऊन जा," एवढं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. ताई समोरच मशीनवर बसली होती, कुणाच्या तरी ब्लाउजची बाही उसवून पुन्हा जोडत होती. माझा चेहरा पाहून तिचे पाय पायडलवरच थांबले.

२०१९चा जानेवारी होता. गाठ कॅन्सरची आहे हे बायॉप्सीत दहा दिवसांपूर्वीच कळलं होतं. आता आणखी काय पॉझिटिव्ह यायचं शिल्लक राहिलं होतं, ते कुणालाच समजेना. आमच्या घरात, आणि बहुधा सगळ्याच घरांत, दवाखान्याच्या कागदावर हा शब्द आला की तो वाईटच असतो. मलेरिया पॉझिटिव्ह, टीबी पॉझिटिव्ह. आई काही न बोलता देवघरात जाऊन बसली. ताईने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, "म्हणजे पसरलाय का गं?"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी हार्मोनच्या धड्याला फळ्यावर एक मोठा गोल काढते, ती पेशी, आणि त्याच्या आत एक छोटा गोल, ते तिचं केंद्रक. इन्सुलिनसारखी हार्मोन्स पेशीच्या दारातच थांबतात, कारण त्यांना धरून घेणारे रिसेप्टर बाहेरच्या पडद्यावर असतात. इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड हार्मोन्स पडदा ओलांडून आत जातात, त्यांचे रिसेप्टर आत असतात. एवढं सांगायला मला बारा मिनिटं लागतात. तरी त्या दुपारी रिपोर्टातली 'ईआर' ही दोन अक्षरं म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, माझ्या फळ्यावरच्या आतल्या गोलातलाच, हे मला सुचलं नाही. कागदावर ताईचं नाव होतं, आणि त्या नावापलीकडे मला काही वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "चांगलं आहे. ईआर पॉझिटिव्ह. म्हणजे केमो झाल्यावर गोळी देता येईल." ताई माझ्याकडे बघत राहिली. पॉझिटिव्ह चांगलंही असतं हे तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

आमच्या पुस्तकात या रिसेप्टरला अर्धं पान आहे. तो कुणी शोधला, कसा शोधला, याबद्दल एक ओळही नाही. ताईच्या केमोच्या महिन्यांत वॉर्डाबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून मी ते वाचत गेले. सुरुवातीला निव्वळ वेळ जावा म्हणून. नंतर मात्र मला त्या माणसाचा ध्यास लागला. त्याचं नाव एलवुड जेन्सन.

पण जेन्सनच्या आधी थोडं मागे जावं लागतं. १८९६ साली ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी एक निरीक्षण छापलं. स्तनाचा कॅन्सर पार पुढे गेलेल्या एका बाईचे बीजांडकोश त्यांनी काढून टाकले होते आणि तिच्या गाठी विरघळत गेल्या होत्या. त्या वेळी 'हार्मोन' हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता. पोटातल्या बीजांडकोशांचा छातीतल्या गाठीशी काय संबंध, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. संबंध आहे, एवढंच दिसत होतं.

पुढे शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो आणि ते हार्मोन तोडलं की तो आटतो. याच कामाला १९६६ साली नोबेल मिळालं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्तनाच्या कॅन्सरकडे वळले. बीजांडकोश काढल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, उरतं, त्याचं मूळ मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींत. कॉर्टिसोन औषध म्हणून मिळायला लागलं होतं, त्यामुळे या ग्रंथी काढूनही माणूस जगवता येत होता. मग त्याही काढायच्या असं ठरलं. काही बायकांना खरोखर फरक पडला. अंथरुणाला खिळलेल्या बायका उठून घरी गेल्या.

साधारण तीनपैकी एकीला.

या आकड्यापाशी मी फार वेळ थांबले. तिसरा हिस्सा बायकांना गुण येणं त्या काळात मोठीच गोष्ट होती, ते मी नाकारत नाही. पण मला राहून राहून उरलेल्या दोघी दिसत होत्या. त्यांचेही बीजांडकोश गेले, ग्रंथी गेल्या, जन्मभराची कॉर्टिसोनची गोळी मागे लागली, आणि मुळात थोडे उरलेले दिवस टाके भरून येण्यात गेले. गाठ होती तशीच वाढत राहिली. ऑपरेशनच्या आधी या तिघींपैकी कोण कोण आहे, हे सांगण्याचा जगात काहीही उपाय नव्हता. सगळ्यांनाच टेबलावर घ्यायचं आणि वाट बघायची. त्या दोघींची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. मला वाटतं, रिसेप्टरची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्यापासून सुरू करायला हवी.

जेन्सन डॉक्टर नव्हता. १९२० साली नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी जन्मलेला आणि ओहायोत वाढलेला हा ऑरगॅनिक केमिस्ट. शिकागोतच त्याने १९४४ साली पीएच.डी. केली. महायुद्धाच्या काळात तो विषारी वायूंवर काम करत होता आणि त्या वायूंच्या बाधेने दोनदा इस्पितळात दाखल झाला होता. युद्ध संपल्यावर त्याला झुरिकला जायची फेलोशिप मिळाली. कामाचा विषय स्टेरॉइड. तिथे असताना तो आल्प्समधला मॅटरहॉर्न चढला, गिर्यारोहणाचा काही अनुभव गाठीशी नसताना.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आपल्या संशोधनाची गोष्ट सांगताना जेन्सन स्वतः त्या डोंगराचा हवाला देत असे. एडवर्ड व्हिम्पर हा इंग्रज इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्नवर पुन्हा पुन्हा चढू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा मागे फिरत होता. १८६५ साली त्याने बाजू बदलली. जी धार लांबून बघता अशक्य दिसत होती त्या स्विस बाजूच्या धारेने तो गेला आणि माथ्यावर पोहोचला. आपल्या किल्ल्यांना जशी चोरवाट असते, महादरवाजावर शंभर माणसं खपली तरी उघडत नाही आणि मागच्या कड्याने चार माणसं वर जातात, तसंच काहीसं. जेन्सनने यातून आपल्यापुरता एक धडा घेतला. सगळे ज्या बाजूने चढताहेत आणि पडताहेत, ती बाजू सोडून बघायची.

१९४७ साली तो शिकागोला परतला. नेमणूक झाली शस्त्रक्रिया विभागात, आणि पुढे हगिन्स यांच्या बेन मे प्रयोगशाळेत तो रुळला. सर्जन मंडळींमध्ये बसलेला एक केमिस्ट. मला हे चित्र फार आवडतं. ज्या बायकांवर ऑपरेशन होत होतं त्या त्याच्यापासून लांब नव्हत्या, पण त्याच्या हातात सुरी नव्हती. त्याच्याकडे होते रेणू.

त्या काळी इस्ट्रोजेनचा अभ्यास करणारे बहुतेक लोक एकच प्रश्न विचारत होते. इस्ट्रोजेन गर्भाशयात गेलं की तिथे काय काय बदलतं? कुठलं एन्झाइम वाढतं, कुठली रासायनिक क्रिया वेग घेते? समज असा होता की इस्ट्रोजेन स्वतःच एन्झाइमच्या क्रियेत भाग घेतं, हायड्रोजनची देवघेव करतं, एका रूपातून दुसऱ्या रूपात जातं, आणि त्या उलथापालथीतून वाढीला ऊर्जा मिळते. प्रयोग होत होते, निबंध छापले जात होते, पण गाडं पुढे सरकत नव्हतं. जेन्सनने प्रश्न उलटा केला. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं काय करतं ते राहू दे. गर्भाशय इस्ट्रोजेनचं काय करतं?

ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो. पण या प्रश्नाचं उत्तर मिळवायला हार्मोनच्या मागे मागे जावं लागतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. इस्ट्रोजेन इतक्या कमी प्रमाणात काम करतं की आत गेल्यावर ते दिसणं शक्यच नव्हतं. अख्ख्या गावच्या विहिरीत टाकलेली मिठाची चिमूट कुठल्या घागरीत आली ते शोधण्यातलाच प्रकार. मग जेन्सन आणि त्याचा सहकारी हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिटियम वापरायचं ठरवलं. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. इस्ट्राडायोल हे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन. त्याच्या रेणूतल्या साध्या हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम बसवलं की हार्मोन तेच राहतं, वागतंही तसंच, फक्त जिथे जाईल तिथून खूण देत राहतं. त्यासाठी त्यांनी शुद्ध ट्रिटियम वायू हाताळणारं खास उपकरण बनवलं. इथे त्याचं केमिस्ट असणं कामाला आलं. असा इतका प्रखर खुणेचा रेणू बनवणं डॉक्टरांच्या हातचं काम नव्हतं.

हे हार्मोन त्यांनी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना अगदी सूक्ष्म मात्रेत टोचलं, शरीरात नैसर्गिकपणे असेल त्या प्रमाणात. मग थोड्या थोड्या वेळाने एकेका अवयवात खूण किती उरली ते मोजत गेले. रक्तात ती आली आणि ओसरली. यकृतात, मूत्रपिंडात आली आणि ओसरली. स्नायूंतही तेच. गर्भाशयात मात्र ती आली आणि राहिली. बाकी सगळं शरीर पाहुण्याला दारातून वाटेला लावत होतं, इथे कुणीतरी त्याला हात धरून बसवून घेत होतं. आणि तपासल्यावर दिसलं की गर्भाशयात बसलेलं इस्ट्राडायोल जसंच्या तसं आहे. त्याची कसलीही उलथापालथ झालेली नाही. म्हणजे एन्झाइमवाला सगळा सिद्धांत मुळातून डळमळत होता. हार्मोन झिजत नव्हतं, कुणाला तरी बिलगत होतं, आणि त्या बिलगण्यातूनच वाढ सुरू होत होती. ते बिलगून घेणारं जे काही होतं, तो रिसेप्टर.

१९५८ साली व्हिएन्नात जीवरसायनशास्त्राची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद होती. जेन्सनने तिथे हे मांडलं. समोर पाच श्रोते होते, आणि त्यातले तिघे त्याच सत्रातले इतर वक्ते. त्याच वेळी दुसऱ्या सभागृहात इस्ट्रोजेन आणि एन्झाइम यांवर चर्चासत्र चालू होतं, तिथे हजारावर माणसं बसली होती.

हे वाचलं तेव्हा मी वॉर्डाबाहेर होते. आत ताईच्या हाताला सुई होती. शिकवणाऱ्या माणसाला पाच जणांचा वर्ग म्हणजे काय ते कळतं. मी एका पावसाळ्यात चार मुलींसमोर अख्खं सत्र शिकवलं आहे, आणि मला ठाऊक आहे की समोर बाक रिकामे असले की आवाज आपोआप खाली येतो. मनात आलं, हा त्या दिवशी भाषण आवरतं घेऊन बाजूच्या सभागृहात जाऊन बसला असता तर? तो परत शिकागोला गेला आणि मोजत राहिला.

पुढची कथा मी भराभर सांगते, कारण त्यात अनेकांचे हात आहेत. १९६६ साली जॅक गोर्स्की आणि डेव्हिड टॉफ्ट यांनी दाखवलं की हा रिसेप्टर एक प्रोटीन आहे. जेन्सनने मांडलं की हार्मोन बिलगल्यावर हे प्रोटीन बदलतं आणि पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना जागं करतं. त्यातला 'शिरून' हा भाग नंतर दुरुस्त करावा लागला. १९८४च्या सुमाराला दिसलं की रिसेप्टर आधीपासून बहुतांशी केंद्रकातच असतो. त्या दुरुस्तीचा एक धागा जेन्सनच्याच माणसाकडून आला, जेफ्री ग्रीनकडून, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९८६ साली या रिसेप्टरचं जनुक हाती आलं.

पण माझ्या दृष्टीने या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं साल १९५८ नव्हे. ते १९७१.

गर्भाशय इस्ट्रोजेनला धरून ठेवतं, कारण त्याच्यात रिसेप्टर आहे. मग स्तनातली जी गाठ इस्ट्रोजेनवर पोसली जाते तिच्यातही तो असला पाहिजे, आणि ज्या गाठीला इस्ट्रोजेनची गरजच नाही तिच्यात तो नसेल. इतकी साधी सरळ रेषा. जेन्सन आणि त्याचे सहकारी ऑपरेशनमध्ये निघालेल्या गाठी घेऊन त्यांत रिसेप्टर मोजू लागले, आणि मग ग्रंथी काढल्यावर कुणाला गुण आला याच्याशी ते ताडून पाहू लागले. चित्र स्वच्छ निघालं. रिसेप्टर भरपूर असलेल्या बायकांपैकी बहुतेकींना फायदा होत होता. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर नव्हता त्यांना जवळजवळ नाहीच.

म्हणजे उरलेल्या दोघींना आता आधीच सांगता येत होतं. बाई, हे ऑपरेशन तुमच्यासाठी नाही. उगाच अंगावर सुरी घेऊ नका. जे दिवस आहेत ते घरी घालवा, किंवा दुसरा उपाय करून बघू.

शोध म्हटला की आपण नेहमी काय मिळालं ते विचारतो. कुठलं औषध निघालं, किती जीव वाचले. या शोधाचं पहिलं देणं मात्र एक 'नाही' होतं. कुणाला काय करू नये हे सांगणारी चाचणी. मला ते देणं फार मोठं वाटतं, कदाचित औषधाहूनही, कारण त्या नकाराने ज्यांना वाचवलं त्यांना आपण कशातून वाचलो हे कधी कळणारसुद्धा नव्हतं.

आणि या 'नाही'ची दुसरी बाजू मी त्याच वॉर्डात पाहिली. ताईच्या शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी केमोला यायची. मुलगीच म्हणायची, तिशीही उलटली नसेल. तिच्या रिपोर्टात तिन्ही गोष्टी नव्हत्या, ईआर नाही, पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन हार्मोनचा रिसेप्टर नाही, हर-टू हे वाढीला चालना देणारं प्रोटीन नाही. एके दिवशी तिचा नवरा चहाच्या टपरीवर माझ्याजवळ आला. मी शिकवते हे ताईने सांगितलं असावं. घडी पडून पडून मऊ झालेला तो कागद त्याने पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, सगळं निगेटिव्ह आलंय. म्हणजे चांगलं ना?"

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. केमो चांगली लागू पडते अशा गाठींना, असं काहीतरी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण ताईला पुढे जी गोळी मिळणार होती ती तिच्यासाठी नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेलच. १९५५ सालच्या शिकागोत ती असती तर तिच्या ग्रंथी काढून झाल्या असत्या. त्या वेदनेतून तिची सुटका झाली होती, आणि तिच्या नवऱ्याला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं, जे बोलून दाखवता येण्यासारखं नव्हतं. केमो संपल्यावर ती दोघं गावी गेली. पुढे संपर्क राहिला नाही.

सुरुवातीची ही चाचणी सोपी नव्हती. गाठीचा ताजा तुकडा लागायचा, तो लगेच गोठवावा लागायचा, नाहीतर रिसेप्टर नासून जायचा. वर किरणोत्सर्गी हार्मोन वापरायचं. जगातल्या मोजक्या ठिकाणी हे जमत होतं. १९८०च्या सुमाराला जेन्सन आणि ग्रीन यांनी या रिसेप्टरला नेमकी चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार केली, आणि चाचणीचं स्वरूप बदललं. आता मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, अँटिबॉडी लावायची, रंग द्यायचा. जिथे रिसेप्टर आहे ते केंद्रक तपकिरी होतं, बाकीची निळी राहतात. ताईची चाचणी झाली ती याच पद्धतीने, आपल्या गावापासून तीन तासांच्या शहरात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता पॅथॉलॉजिस्ट आहे. ताईचा ब्लॉक दुसऱ्या मतासाठी तिच्याकडे गेला होता तेव्हा तिने मला बोलावून काच दाखवली. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला आणि मला बराच वेळ डोळा काढावासा वाटेना. फळ्यावर इतकी वर्षं खडूने काढलेला आतला गोल तिथे शेकड्यांनी होता, तपकिरी, गडद, एकमेकांना खेटून. मी मोबाइलवर फोटो काढून आणला. ताईने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "निळ्या कापडावर चॉकलेटी बुट्टे." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

हे सगळं वाचताना आपलं कुणी या वाटेवर होतं का, हेही मी शोधलं. होतं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे. हुजूरपागा, मग फर्ग्युसन. एम.एस्सी.ला त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांची पेशी-आनुवंशिकी. तिथून त्या मुंबईला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरकडे वळल्या, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या, आणि परत येऊन परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. शिकागोत जेन्सन उंदरांच्या गर्भाशयात ट्रिटियम मोजत होता त्याच दशकांत परळला या बाई उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करत होत्या. हार्मोन, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा या रोगाशी काय संबंध, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या पुस्तकात त्यांचंही नाव नाही. या वर्षीपासून मी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते, जेन्सनच्या नावाच्या खाली.

आता गोळी.

टॅमॉक्सिफेन ही गोळी कॅन्सरसाठी बनलीच नव्हती. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत आर्थर वॉलपोल यांचा गट संततिनियमनाचं औषध शोधत होता. १९६२ साली त्यांच्यातल्या डोरा रिचर्डसन या केमिस्ट बाईंनी हा रेणू बनवला. उंदरांत त्याने गर्भ राहू दिला नाही, बायकांत मात्र उलट बीज सुटायला मदत केली. संततिनियमनाच्या दृष्टीने खेळ खलास. या रेणूचे दोन प्रकार होतात, अणू तेच, फक्त एक बाजू इकडची तिकडे. त्यातला एक इस्ट्रोजेनसारखा वागतो आणि दुसरा इस्ट्रोजेनच्या विरुद्ध. रिचर्डसन यांनी हे दोन्ही वेगळे करून हातात दिले. मी ताईला हे सांगितलं तेव्हा तिला ते माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळलं. "डाव्या बाहीचा तुकडा उजवीकडे लावला की हात वरच होत नाही," ती म्हणाली. "कापड तेच असतं."

१९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून स्तनाच्या कॅन्सरवर या औषधाची पहिली चाचणी छापून आली. औषध उपयोगी दिसलं, पण त्यात कुणाला फारसा रस नव्हता. तो घेतला क्रेग जॉर्डन या तरुणाने. लीड्समध्ये पीएच.डी. करून तो १९७२ साली अमेरिकेला आला आणि रिसेप्टर मोजण्याचं तंत्र शिकला ते जेन्सन यांच्याकडूनच. मग हगिन्स यांनीच रूढ केलेल्या उंदरांच्या गाठींवर त्याने दाखवलं की टॅमॉक्सिफेन दीर्घकाळ देत राहिलं तर गाठी उगवायच्याच थांबतात. म्हणजे ही गोळी शेवटच्या दिवसांची नव्हे, ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं घ्यायची, आणि रिसेप्टर असलेल्यांनीच. पुढे हजारो बायकांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की पाच वर्षं गोळी घेतलेल्या रिसेप्टर पॉझिटिव्ह बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात.

आत नेमकं काय होतं ते १९९८ साली स्फटिकाच्या चित्रात दिसलं, आणि त्या कामातही जेफ्री ग्रीन होता. रिसेप्टरला इस्ट्रोजेनच्या मापाचा एक खोलगट कप्पा असतो. हार्मोन आत बसलं की प्रोटीनचा शेवटचा पीळ डब्याच्या झाकणासारखा त्यावर बसतो, आणि झाकण बसलं की कामाला लागायचा निरोप जातो. टॅमॉक्सिफेन त्याच कप्प्यात शिरतं, पण त्याच्या रेणूचा एक हात बाहेर राहतो. झाकण बसत नाही. निरोप जात नाही. खरं इस्ट्रोजेन बाहेर ताटकळत राहतं.

ताईला हा भाग सांगायला मला कधी जमला नाही, कारण तिच्या अंगात तो निरोप न गेल्याचे परिणाम ती रोज भोगत होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदम अंगातून झळा. मे महिन्यात मशीनवर बसली की मानेवरून घाम ओघळून गिऱ्हाइकाच्या कापडावर पडेल म्हणून ती खांद्यावर पंचा ठेवायची. रात्री तीनला उठून गच्चीवर फेऱ्या. सांधे धरायचे. शिवाय ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयात थोडी इस्ट्रोजेनसारखीच वागते. तिथल्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, आणि याकडे आधीपासून लक्ष वेधणाऱ्यांत जॉर्डन स्वतः होता. म्हणून जराही रक्तस्राव दिसला की लगेच सोनोग्राफी. आलेल्या प्रत्येक रिपोर्टाचा दिवस आमच्या घरात पुन्हा तोच जानेवारी असायचा. गोळी बंद करते, असं ती दोनदा म्हणाली. एकदा चार दिवस घेतलीही नाही. पाचव्या दिवशी मला फोन करून सांगितलं आणि पुन्हा सुरू केली.

जेन्सनला नोबेल मिळालं नाही. २००४ साली वैद्यकीय संशोधनाचं लास्कर पारितोषिक मिळालं, रोनाल्ड इव्हान्स आणि पिएर शाँबाँ यांच्याबरोबर. तेव्हा तो ८४ वर्षांचा होता. १६ डिसेंबर २०१२ला सिनसिनाटीत तो गेला. टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतल्याने आणखी फायदा होतो, हे दाखवणारी मोठी चाचणी त्याच महिन्यात छापली गेली होती. जॉर्डन गेला २०२४च्या जूनमध्ये. त्याच जूनमध्ये ताईची पाच वर्षं पूर्ण झाली.

ताई गोळीचा हिशेब मापांच्या वहीत ठेवते. दर पानाच्या डोक्यावर गिऱ्हाइकाचं नाव, खाली छाती, कंबर, बाही, मुंढा. गोळीसाठी तिने मागची पानं राखून ठेवली होती, त्यांच्यावर नाव नव्हतं, फक्त उभ्या रेघा, रोज रात्री जेवणानंतर एक. त्या दिवशी तपासणीला जायच्या आधी तिने त्या मोजल्या. एक हजार आठशे सत्तावीस गोळ्यांपैकी चार रेघा कमी होत्या. "ते चार दिवस," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं तपासलं, आणखी पाच वर्षं घेऊ या म्हणाले. ती काही बोलली नाही. येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन पाकिटं घेतली.

रात्री जेवण झाल्यावर तिने वही उघडली. जुन्या रेघांच्या शेवटी एक आडवी रेघ मारली आणि नवं पान काढलं.

"ती बाई कोण म्हणालीस? जिने ही बनवली."

"डोरा. डोरा रिचर्डसन."

तिने पानाच्या डोक्यावर, जिथे गिऱ्हाइकाचं नाव असतं तिथे, सावकाश लिहिलं, डोराबाई. मग पाण्याचा तांब्या पुढे ओढला.